अकरा दिवसांची पाच कारणं

आधीच माफी मागून ठेवतो. मी ज्या घरात वाढलो तिथं लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. रेशनकार्डाचा, पीकविम्याचा, भरतीचा. रकाना असेल तेवढं लिहायचं आणि रकाना संपला की थांबायचं. इथं रकाना नाही, म्हणून मला जरा भीतीच वाटते. त्यात विषय फौजेतल्या शिक्षेचा, आणि मी फौजेत गेलेलो नाही. दोनदा भरतीला उभा राहिलो, दोन्ही वेळा छाती कमी भरली. सध्या सांगलीला वसतिगृहात राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा मोठ्या लोकांनी लिहायच्या गोष्टीत मी तोंड घालतोय असं कुणाला वाटलं तर ते बरोबर आहे. पण या प्रकरणात जेवढे कागद तयार झाले ते सगळे माझ्या हातचे होते, आणि चूकही बरीचशी माझीच होती.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं शेवटचं. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा. गावात ऊस आहे आणि घरटी एक तरी माणूस फौजेत आहे, होता किंवा जायच्या तयारीत आहे. सकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर पेन्शनर मंडळी बसतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल दुधाच्या फॅटवर चर्चा चाललीय. खरं तर कुणाला कधी काय शिक्षा झाली होती याच्या गप्पा असतात. आमच्याकडं पदकाची गोष्ट एकदा सांगतात आणि शिक्षेची रोज सांगतात.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो बारा वर्षं फौजेत आहे आणि अजून साधा शिपाईच आहे. त्याचं कारण तांबडी शाई. फौजेत शिक्षा झाली की माणसाच्या कागदावर नोंद होते. हलकी शिक्षा काळ्या शाईनं, भारी शिक्षा तांबड्या शाईनं. तांबड्या चार झाल्या की माणसाला घरी पाठवू शकतात, आणि पेन्शन बसायला पंधरा वर्षं लागतात, हे आमच्या गावात चौथीतल्या पोरालाही माहीत असतं. दादाच्या नावावर तीन तांबड्या होत्या. पहिली जत्रेसाठी सुट्टीपेक्षा जास्त थांबला म्हणून. दुसरी लंगरमध्ये भातावरून मारामारी केली म्हणून. तिसरी कशाची ते तो सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "ते सरकारी गुपित हाय."

गेल्या वर्षी आमच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं आणि वहिनीनं अर्ज भरला. तिनं कुणाला विचारलं नाही. दादाला तर तिनं अर्ज भरून आल्यावर फोन केला. तिला चिन्ह मिळालं शिट्टी. प्रचाराला तोंड लागलं आणि दादा सुट्टीवर आला.

नोकरीतल्या फौजीला निवडणुकीच्या प्रचारात पडता येत नाही. हा नियम दादाला चांगला ठाऊक होता. पहिला दिवस तो घरातच बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यानं भरतीची तयारी करणारी वीसेक पोरं गोळा केली, तोंडात शिट्टी धरली आणि पोरांना गावातल्या प्रत्येक गल्लीतून पळवलं. विरोधी उमेदवाराच्या गल्लीतून तीन वेळा. तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा नवरा बनियनवरच रस्त्यात आडवा आला.

"आवं फौजी, ह्यो प्रचार हाय!"

"पीटी हाय," दादा म्हणाला.

"मग शिट्टी कशाला?"

"मग पीटी काय बासरीवर घ्यायची व्हय?"

दादाची सुट्टी मतदानाच्या आधीच संपत होती. वहिनी त्याला म्हणाली, "जावा तुमी. मी काय तुमच्या जिवावर उभी न्हाई." दादा म्हणाला, "पोरांची भरती हाय." पोरांची भरती तीन महिने लांब होती. मतमोजणी झाली, वहिनी थोडक्यात निवडून आली, दादाच्या कानात गुलाल गेला तो दोन दिवस निघाला नाही. सगळं आवरेपर्यंत सुट्टी संपून अकरा दिवस झाले होते.

मग मात्र घरातलं हसणं थांबलं. अकरा दिवस म्हणजे पेशी होणार. पेशी म्हणजे आरोपीला सीओ साहेबांपुढं, पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यापुढं, उभं करतात. साहेब तिथंच हलकी शिक्षा देऊन सोडू शकतात, नाहीतर समरी कोर्ट मार्शल लावू शकतात. कोर्ट मार्शल लागलं की तांबडी ठरलेली, आणि दादाची ती चौथी असणार होती.

निघायच्या आदल्या दिवशी डेअरीच्या ओट्यावर पेशीची रंगीत तालीम झाली. कल्पना सुभेदार आबांची. हे आबा आमच्या भावकीतले, ओट्यावरच्या सगळ्यांत वरच्या हुद्द्याचे. ते म्हणाले, "निम्मी शिक्षा चालण्यातच ठरती. गडी आत कसा येतो ते साहेब बघतो." फॅट मोजायचं यंत्र बाजूला सारून टेबल मोकळं केलं आणि आबा सीओ साहेब होऊन बसले. शेजारच्या आळीतले हवालदार नाना सुभेदार मेजर झाले, कारण त्यांचा आवाज मोठा. टेलर चाचांनी वीस वर्षं पलटणीतल्या वर्द्या शिवल्या होत्या, आता ते गावात ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडं दादाची टोपी आणि पट्टा काढून घ्यायचं काम आलं. पेशीला आरोपीच्या अंगावर टोपी-पट्टा ठेवत नाहीत.

"टोपी उतार! पट्टा उतार!" नाना ओरडले. दोन म्हशी दचकल्या.

चाचांनी पट्टा काढला आणि दादाची पँट नीट बघून घेतली. "पडायची न्हाई," ते म्हणाले. "निवडणुकीचं मटण अंगी लागलंय."

"तेज चल! लेफ्ट राइट, लेफ्ट राइट!" दुधाच्या कॅनच्या रांगांमधून दादा टेबलापर्यंत आला, थांबला, पाय आपटला. एक कॅन कलंडला. डेअरीवाला काही बोलणार तोच नानांनी त्यालाही सावधान केलं.

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुम ग्यारह दिन लेट क्यों आया?"

"साहब, गलती हो गया."

"और?"

"और कुछ नहीं साहब."

"शाब्बास," आबा मराठीत आले. "एवढंच. कारण सांगायचं न्हाई. कारण सांगितलं की साहेब खोदतो. खोदलं की शिट्टी निघती. शिट्टी निघाली की कोर्ट मार्शल."

तेवढ्यात आई किटली घेऊन दूध घालायला आली. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आवं भावजी, म्हातारपणी खेळ मांडलाय व्हय? पोराची नोकरी जाईल ती." चाचांनी दादाला पट्टा परत दिला.

दुसऱ्या दिवशी दादा मिरजेहून रेल्वेनं गेला. मला कॉलेजला आणखी आठवडाभर सुट्टी होती, आणि माझ्या वाटणीचा मूर्खपणा त्या आठवड्यात घडला.

पहिल्यांदा आले सुभेदार आबा. गोठ्यामागं मला बोलावलं. "तुझं इंग्रजी चांगलं हाय. साहेबाला पत्र लिही. मदर सीरियस."

"पण आबा, कारण सांगायचं नाही असं तुम्हीच म्हणालात."

"त्यानं सांगायचं न्हाई. मी सांगितलं तर चालतंय. मी सुभेदार हाय."

पूर्वी तारेचा जमाना होता तेव्हा सुट्टी वाढवून घ्यायला या दोन शब्दांची तार जायची. आबांची स्वतःची आई अशी सात वेळा अत्यवस्थ झाली आणि नंतर तीस वर्षं जगली. मी वहीची दोन पानं फाडून पत्र लिहिलं. आबांनी खाली सही करून हुद्दा घातला. जाताना म्हणाले, "कुणाला बोलू नगं. फौजीचा शब्द दे."

"मी फौजी नाही आबा."

"मग कॉलेजचा दे."

मी दिला.

दुसऱ्या दिवशी टेलर चाचा आले, गळ्यात टेप तसाच. "तुमच्या घराची भिंत पडली म्हणून पोरगं अडकलं, असं लिही."

"कुठली भिंत, चाचा?"

"मागची. थोडी झुकल्याली हाय ना? मग. आपण फक्त आठ दिस आधी सांगतोय." त्यांनाही शब्द हवा होता, त्यांनाही दिला.

तिसरे हवालदार नाना. त्यांचं कारण बांधाचं. शेजाऱ्यानं बांध कोरला, तहसीलदारापुढं सुनावणी होती. मी जरा घुटमळलो तर म्हणाले, "अरं गड्या, ह्याला खोटं कोण म्हणंल? ज्याला शेत हाय त्याला बांध हाय. ज्याला बांध हाय त्याला वाद हाय. साहेबाचं बी असंल गावाकडं."

चौथे आमचे वडील. ते फौजेत नव्हते, उसात असतात आणि फार बोलत नाहीत. मोटर चालू करायला गेलो होतो तिथं ते मागून आले. "तुझ्या आईला सांगू नगं. लिही, मी शिडीवरनं पडलो. पाय मोडला." पत्र झाल्यावर त्यांनी डाव्या पायावर लंगडायला सुरुवात केली. चौकशीला माणूस आला तर म्हणून. आईनं विचारलं तर म्हणाले, उसाच्या सरीत पाय मुरगळला. तिनं तीन दिवस तेल गरम करून चोळलं.

पाचवी वहिनी. तिनं मला ग्रामपंचायतीच्या ऑफिसातच बोलावलं. नवं कोरं लेटरहेड आलं होतं. "फौजेला दाखला द्यायचाय," ती म्हणाली. "दाखल्याबिगर गावात काय हालतं का?"

तिचा मजकूर तयार होता. सदर जवान हा गावातील तरुणांना भरतीपूर्व प्रशिक्षण देत असल्याने गावी थांबला होता, मागणीवरून दाखला दिला असे. मी तो इंग्रजीत उतरवला. मग मला एक शंका आली आणि ती मी बोलूनही दाखवली, एवढं तरी माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

"वैनी, खाली सरपंच म्हणून तुमचं नाव येतंय. आडनाव दादाचंच."

"मग कुणाचं घालू? हरल्याल्या बाईचं?"

तिनं सही केली आणि गोल शिक्का असा जोरात मारला की मागच्या पानावरही उमटला. तिच्या कारकिर्दीतला तो पहिला दाखला. "कुणाला सांगू नगं," तीही म्हणाली. "म्हातारी माणसं उगं घाबरतील."

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी आंधळा होतो का. नव्हतो. पाच कारणं एकमेकांना छेद देतात हे मला कळत होतं. पण प्रत्येकाला मी शब्द दिला होता. एकाचं दुसऱ्याला सांगावं तर शब्द मोडतो आणि न सांगावं तर दादा मोडतो, असा पेच होता. कॉलेजात गोपनीयतेच्या शपथेवर आम्हाला एक धडा होता. मोडायची कधी यावर नव्हता. शिवाय पाचही माणसं माझ्यापेक्षा मोठी. मी पाचही पत्रं तालुक्याच्या पोस्टातून रजिस्टरनं टाकली. तिसऱ्या दिवशी पोस्टातले बाबू म्हणाले, "काय रं, फौजेशी पत्रमैत्री जुळलीय का?"

सांगलीला परत आलो आणि दादाचा फोन लागायचा बंद झाला. एक आठवडा झाला, दोन झाले. घरून रोज फोन यायचा, "तुला काय कळलं का?" मला काही कळलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात दादाच्या कंपनीतला एक जवान सुट्टीवर आला. तो कुंडलकडचा. गावी जाता जाता वसतिगृहाच्या दारात उतरला, चहा प्यायला आणि मला वर-खाली बघत म्हणाला, "पत्रं तूच लिवलीस व्हय?"

मी कप खाली ठेवला.

"साहेबांनी टेबलावर ओळीनं लावल्यात. म्हणत्यात, एक आदमी, ग्यारह दिन, पाँच वजह, और सब एक हाथ का लिखा हुआ. पयली चार एकाच वहीची पानं, मार्जिन बी तसंच. पयल्या चारवर सगळी हसत हुती. पाचवं सुभेदार मेजरनं वाचलं. ते नगरकडलं, त्यांना मराठी शिक्का वाचता येतो."

"मग?"

"मग आडनाव बघितलं. आता विचारत्यात, हा निवडणुकीला थांबला का. तसं निघालं तर कोर्ट मार्शल, चौथी तांबडी. फोन जमा हाय त्याचा. गडी गप हाय एकदम. कारण सांगायचं न्हाई म्हणून कुणीतरी शिकवलंय म्हणं."

रविवारी मी पहिल्या एसटीनं गावी गेलो. पाचही जणांना डेअरीच्या ओट्यावर बोलावलं. आई न बोलावता आली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं, कुणी काय लिहायला सांगितलं ते ओळीनं. पाच शब्द एकदम मोडले.



नाना टेलर चाचांकडं वळले. "तुमी त्यांची भिंत पाडली?"

"आणि तुमी बांध कोरला ते?" चाचा म्हणाले. "सुभेदारांनी तर जितीजागती बाई आजारी पाडली."

आई आबांकडं बघत होती. "मी सीरियस हाय व्हय? अन् मला पत्त्या न्हाई?" मग तिला दुसरं काहीतरी सुचलं आणि ती वडिलांकडं वळली. "आणि तुमचा पाय? मी तीन दिस तेल चोळलं त्यो पाय?"

वडील म्हणाले, "बरा झाला की तेलानं."

आबांनी घसा साफ केला. "झालं ते झालं. सहावं पत्र लिहू. मागली पाच रद्द समजावीत. लिही रं."

मी आजवर मोठ्या माणसांना नाही म्हणालो नव्हतो. या वेळी म्हणालो, "आबा, मी आता लिहिणार नाही. दादाला तोंड आहे. जे झालं ते त्यालाच सांगू दे."

"ह्यालाच पेशी लावा आधी," नाना म्हणाले. वहिनी इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. ती हळू म्हणाली, "मी राजीनामा दिला तर त्यांची नोकरी वाचंल का?"

वडील सहसा चारचौघांत बोलत नाहीत. ते म्हणाले, "शिट्टी तू न्हाई वाजवलीस. त्यानं वाजवली. बस खाली."

त्या कुंडलच्या जवानाची सुट्टी संपत आली तेव्हा मी त्याच्या हातून दादाला निरोप धाडला. कागद दिला नाही, तोंडीच सांगितलं: कारण सांगायचं नाही हा आबांचा हुकूम मागं घेतलाय, खरं असेल ते सांग. त्यानं दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं आणि गेला.

पुढचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. आई फोनवर काही विचारायची थांबली होती. फक्त "जेवलास का" म्हणायची, आणि मी "हो" म्हटलं तरी फोन ठेवायची नाही. वहिनी ग्रामपंचायतीत जायची, पण लेटरहेड कपाटात कुलपात ठेवलं होतं असं ऐकलं.

मग एका दुपारी मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसलो असताना अनोळखी नंबरावरून फोन आला. दादा होता. मागं वारा इतका होता की तो ओरडूनच बोलत होता.

"झाली पेशी!"

"दादा, माझं चुकलं. ती पत्रं..."

"ते राहू दे. ऐक आधी. साहेबांनी पाची पत्रं माझ्यापुढं ठिवली. म्हणाले, ह्यातलं खरं कुठलं ते बोट लाव. मी म्हणलो, एक बी न्हाई साहेब. आणि सगळं सांगितलं. बायको उभी हुती, चिन्ह शिट्टी हुतं, पोरं पळवली, शिट्टी वाजवली, निकाल लागंस्तवर थांबलो."

"सगळं?"

"सगळं. सुभेदार मेजर मागं उभं, त्यांचा श्वास माझ्या मानंला लागत हुता. मग साहेबांनी विचारलं, वोट किसको दिया? मी म्हणलो, साहब, मेरा नाम गाँव के लिस्ट में है ही नहीं."

हे माझ्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं. दादाचं नाव गावच्या मतदारयादीत नाही. ज्या मतदानासाठी तो अकरा दिवस थांबला, त्यात त्याला मत नव्हतं.

"मग साहेब काय म्हणाले?"

"काय न्हाई. रुमाल तोंडावर धरला. सुभेदार मेजरला बाहेर जायचा हुकूम दिला. मला वाटलं गेलो आता. मग रुमाल काढला आणि म्हणाले, दुबारा बीवी खड़ी हुई तो तुम इधर ड्यूटी पर रहेगा, समझा?"

"आणि शिक्षा? दादा, शिक्षा काय?"

वाऱ्यात त्याचा आवाज तुटला. मी उठून उभा राहिलो, जणू उभं राहिल्यानं जास्त ऐकू येतं.

"चौदा जादा पहारे," तो म्हणाला. "कोर्ट मार्शल न्हाई. शाई काळी. आईला सांग, काळी. पयला पहारा आत्ता चारला हाय, ठेवतो."